पाच पानं सगळ्यांची, दोन आपली

1. तीन पत्तीच ना ही?

पोकरचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो. "दिवाळीत बसतो तशी तीन पत्तीच ना? मग त्यात शिकायचं काय?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. दोन्हीकडे पानं वाटतात, मध्ये गल्ला जमतो, कुणी पॅक होतं, कुणी वाढवत नेतं आणि शेवटी शो होतो. तीन पत्ती खेळलेल्या माणसाला पोकरच्या टेबलावर निम्म्या गोष्टी ओळखीच्या वाटतात. घात करतात त्या उरलेल्या निम्म्या.

तीन पत्तीत तुमची तिन्ही पानं तुमच्याच मुठीत असतात. समोरच्याकडे काय आहे याचा टेबलावर कसलाच माग नसतो. त्याचा चेहरा आणि त्याची चाल एवढ्यावरच अंदाज बांधायचा. आज जगभर जे पोकर सर्वांत जास्त खेळलं जातं ते टेक्सस होल्डेम. त्यात प्रत्येक भिडूला दोन पानं पालथी मिळतात आणि पाच पानं टेबलाच्या मध्यावर उघडी पडतात. ही पाच सगळ्यांची. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानं सरस, त्याचा गल्ला.

हे चाळीसारखं आहे. खोल्या ज्याच्या त्याच्या, गॅलरी सगळ्यांची. गॅलरीत काय वाळत घातलंय ते सगळ्यांना दिसतं आणि त्यावरून कुणाच्या घरी कोण पाहुणा आलाय याचा अंदाज करता येतो. समोरच्याच्या सातापैकी पाच पानं तुमच्या डोळ्यांसमोर असतात. म्हणजे अंधार आहे, पण मिट्ट काळोख नाही. या खेळात शिकण्यासारखं जे काही आहे, ते या अर्धवट उजेडात आहे.

खेळ मूळचा टेक्ससचा. तिथल्या रॉब्सटाउन नावाच्या छोट्या गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जन्मला असं मानतात. 2007 मध्ये टेक्ससच्या विधिमंडळाने तशी अधिकृत मान्यताच देऊन टाकली. (एकदा सरकारी शिक्का बसला की पुरावा कोण मागतो!) 1967 मध्ये टेक्ससच्या काही मुरलेल्या खेळाडूंनी तो लास वेगासला नेला. तिथे 1970 मध्ये बेनी बिनियनच्या हॉर्सशू कसिनोत 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' सुरू झाली. गंमत म्हणजे पहिल्या वर्षी विजेता पत्त्यांवर ठरलाच नाही. जमलेल्या खेळाडूंनी मतदान करून जॉनी मॉस यांना निवडलं.

2. दोन, तीन, एक, एक

घरी शिकायचं तर पत्त्यांचा एक कॅट, वाटीभर चिंचोके आणि कॅरमची राणी पुरते. चिंचोके पैशांच्या जागी. राणी कशाला ते सांगतो.

पोकरमध्ये 'बटण' नावाची एक चकती असते. ती ज्याच्यापुढे, त्याने पानं वाटली असं धरायचं. दर डावाला ती डावीकडे सरकते. आमच्याकडे हे काम कॅरमची राणी करते. बटणाच्या डावीकडचे पहिले दोघे पानं पाहण्याआधीच ठरलेली रक्कम गल्ल्यात टाकतात. पहिला 'स्मॉल ब्लाइंड', समजा 1 चिंचोका, आणि दुसरा 'बिग ब्लाइंड', त्याच्या दुप्पट म्हणजे 2.

इथेच तीन पत्तीवाले पहिल्यांदा अडखळतात. आपल्याकडे 'ब्लाइंड' म्हणजे पानं न पाहता खेळणं, तोही आपखुशीने. इथे ब्लाइंड म्हणजे सक्तीची वर्गणी. तीन पत्तीतल्या बूटचीच ही बहीण, फक्त बूट सगळे भरतात आणि ब्लाइंड दोघेच. वर्गणी नसती तर प्रत्येक जण एक्क्यांच्या जोडीची वाट पाहत दिवसभर बसला असता आणि खेळ हललाच नसता.

आता प्रत्येकाला दोन पानं पालथी वाटायची. बिग ब्लाइंडच्या डावीकडच्या भिडूपासून बोलायला सुरुवात. त्याच्यापुढे तीन वाटा: पॅक व्हायचं (इथे त्याला 'फोल्ड' म्हणतात), चालू रक्कम भरायची ('कॉल') किंवा वाढवायची ('रेझ'). जे टिकले त्यांची भरणी सारखी झाली की फेरी संपली.

मग कॅटमधलं वरचं एक पान न पाहता बाजूला टाकायचं आणि तीन पानं एकदम उघडायची. हा 'फ्लॉप'. पुन्हा बोलीची फेरी. या वेळी बटणाच्या डावीकडून, जे उरलेत त्यांच्यात. आता कुणी काही लावलेलं नसेल तर 'चेक' म्हणजे 'माझं काही नाही, पुढे चला' म्हणता येतं. पुन्हा एक पान बाजूला आणि चौथं उघडं, तो 'टर्न'. फेरी. पाचवं पान 'रिव्हर'. शेवटची फेरी. त्यानंतर एकाहून जास्त भिडू उरले तर शो.

दोन, तीन, एक, एक. नियमांचा सांगाडा एवढाच. वेळ कितीही आली तरी समोर आहेत तेवढेच चिंचोके लावता येतात आणि मनात आलं तर सगळे एकदम लोटता येतात. त्याला 'ऑल इन' म्हणतात. सिनेमावाल्यांना या खेळातलं एवढंच आवडतं.

3. कलर मोठा की सिक्वेन्स?

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये उलटं, कलर सिक्वेन्सला मारतो. तीन पत्तीत सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली ट्रेल, म्हणजे तीन एकसारखी पानं, इथे वरून सहाव्या पायरीवर येते. नवशिक्यांची सर्वांत जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून जरा थांबू.

पानांच्या रचनेचा मान तिच्या दुर्मीळपणावर ठरतो. 52 पानांतून तीन पानं 22,100 प्रकारे उचलता येतात. त्यांत नुसते कलर 1,096 आणि नुसते सिक्वेन्स 720. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठा. पाच पानं मात्र 25,98,960 प्रकारे उचलता येतात. त्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. इथे कलर दुर्मीळ झाला, जवळजवळ निम्म्यावर आला. कारण साधं आहे. सगळी पानं बदामाचीच हवीत असा हट्ट धरला की पुढचं प्रत्येक पान चार वेळांत एकदासुद्धा साथ देत नाही. हा हट्ट तीन पानांपर्यंत परवडतो, पाच पानांपर्यंत नेला की महाग पडतो.

जाता जाता एक. याच हिशोबाने तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्सचे प्रकार 48 आहेत आणि ट्रेलचे 52. म्हणजे न्यायाने प्युअर सिक्वेन्स वर हवा. पण हे दिवाळीच्या रात्री कुणाला सांगायला जाऊ नका.

पोकरची उतरंड अशी: सर्वांत वर प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची पाच लागोपाठ पानं. त्यातही दश्शी ते एक्का असेल तर तो 'रॉयल फ्लश', अख्ख्या कॅटमध्ये फक्त चार. मग चार एकसारखी. मग फुल हाउस, म्हणजे तीन एकसारखी आणि वर एक जोडी. मग कलर. मग सिक्वेन्स. मग तीन एकसारखी, मग दोन जोड्या, मग एक जोडी. यातलं काहीच नसेल तर ज्याचं वरचं पान मोठं तो. एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी हाही सिक्वेन्स, पण सगळ्यांत धाकटा. आपल्याकडे एक्का-दुर्री-तिर्रीला पुष्कळ घरांत वरचा मान असतो, तो इथे नाही. इस्पिक मोठं की बदाम, असला भेदही नाही. दोघांची पानं तोलाने सारखी निघाली तर गल्ला अर्धा-अर्धा.

जोडी सारखी असली तर बरोबरचं मोठं पान निर्णय करतं, त्याला 'किकर' म्हणतात. टेबलावर एक्का, राणी, नव्वी, सत्ती, चव्वी आहेत. माझ्याकडे एक्का-तिर्री, तुमच्याकडे एक्का-राजा. दोघांनाही एक्क्यांची जोडी. पण तुमची पाच पानं एक्का, एक्का, राजा, राणी, नव्वी आणि माझी एक्का, एक्का, राणी, नव्वी, सत्ती. माझी तिर्री कामालाच आली नाही. हातात एक्का दिसला की हुरळून जाणाऱ्यांचे चिंचोके नेमके असेच जातात.

शिवाय सात पानं हाताशी असली की एखादी जोडी तरी पाचातल्या चार वेळा जमतेच. तीन पत्तीत जोडी आली की माणूस खुर्चीत सरसावून बसतो. इथे ती रोजची भाजी-भाकरी आहे.

4. आहेर शेवटी द्यावा

दोन पानं हातात आली. खेळायचं की सोडायचं?

अशा जोड-पानांचे प्रकार 1,326 होतात (52 गुणिले 51, भागिले 2). त्यांत एक्क्यांची जोडी सहाच प्रकारे येते, म्हणजे सरासरी 221 डावांत एकदा. कुठलीही जोडी 17 डावांत एकदा. बाकी बहुतेक वेळा हातात येतो तो नव्वी-तिर्री, गुलाम-चव्वी असला पाला. नऊ-दहा जणांच्या टेबलावर जाणते भिडू पाच-सहा डावांत एखादाच खेळतात आणि बाकीचे मुकाट सोडून देतात. नवशिक्याला हे सर्वांत कठीण जातं. तो खेळायला आलेला असतो, बसून राहायला नव्हे.

मोठ्या जोड्या, एक्क्याबरोबर राजा किंवा राणी, एकाच रंगाची मोठी लागोपाठ पानं यांवर खेळावं. छोट्या जोडीने स्वस्तात फ्लॉप पाहावा. तिसरं जुळणारं पान साधारण आठ-साडेआठ वेळांत एकदा पडतं, आणि पडलं तर कुणाला संशय येत नाही. डॉइल ब्रन्सन यांनी 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती. त्या पानांना आजही त्यांचंच नाव आहे. तुम्हाला दश्शी-दुर्री आली तर सोडून द्या.

पानांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बसायची जागा. लग्नात पाकिटात किती घालायचे हे ठरवताना चुलत्याने किती घातले ते आधी कळलं तर काम किती सोपं होतं! बटणावर बसलेला भिडू फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलतो. कोण दबकला, कोणी वाढवलं, हे सगळं पाहून मगच त्याला ठरवायचं असतं. ब्लाइंडवाले बिचारे प्रत्येक वेळी आंधळी कोशिंबीर खेळतात. म्हणून राजा-दश्शीसारखी मधली पानं बटणावर खेळण्याजोगी असतात आणि पहिल्या जागेवर सोडण्याजोगी. पानं तीच, फक्त खुर्ची वेगळी.

5. एक्याऐंशी चिंचोके

आता एक डाव जवळून पाहू. आम्ही चौघे होतो. राणी मामाकडे, म्हणजे बटण त्याचं. त्याच्या डावीकडे मामी, स्मॉल ब्लाइंड, 1 चिंचोका. मग मी, बिग ब्लाइंड, 2. मग मामेभाऊ. प्रत्येकाकडे 40 चिंचोके.

मला आली बदामाची दश्शी आणि बदामाचीच नव्वी. पहिला बोलला मामेभाऊ. त्याने 6 केले. मामा पॅक. मामी आपला एक चिंचोका सोडून पॅक. मला आणखी 4 भरायचे होते, ते मी भरले. गल्ल्यात झाले 13.

फ्लॉप पडला: बदामाचा राजा, बदामाची चव्वी, किल्वरची अठ्ठी. माझी दोन बदामं, टेबलावर दोन. एक आलं की कलर. मी चेक केलं. मामेभावाने 4 लावले.

आता या खेळाचा गाभा असलेला हिशोब. माझ्याकडे आत्ता काहीच नाही, नुसती आशा आहे. ही आशा 4 चिंचोक्यांना घ्यावी की नाही?

आधी माल मोजू. बदामं एकूण 13. दोन हातात, दोन टेबलावर, उरली 9. मला न दिसलेली पानं 52 उणे 5, म्हणजे 47. (ती इतरांच्या हातात असोत की कॅटमध्ये, मला सारखीच.) 47 पैकी 9 पानं माझी, 38 नाहीत.

आता भाव. गल्ल्यात 13 होते, मामेभावाचे 4 आले, झाले 17. मी 4 भरून 17 वर हक्क सांगतोय. हाच प्रसंग 47 वेळा आला आणि दर वेळी वेगळं पान पडलं असं समजा. 9 वेळा मी 17 जिंकेन: 153. 38 वेळा 4 घालवेन: 152. जेमतेम एका चिंचोक्याने फायदा. म्हणजे भाव नेमका होता, घासाघीस करायला जागाच नव्हती. मी 4 भरले. गल्ला 21.

टर्नला पडली इस्पिकची दुर्री. माझ्या उपयोगाची नाही. मी पुन्हा चेक केलं आणि मामेभावाने या वेळी 15 लावले. गल्ला 36. न दिसलेली पानं आता 46, त्यातली माझी तीच 9.

करा हिशोब. 9 वेळा 36, म्हणजे 324. 37 वेळा 15 गेले, म्हणजे 555. आतबट्ट्याचा सौदा. "पण बदाम पडलं तर तो आणखीही देईल की!" हा युक्तिवाद रास्त आहे आणि पोकरमध्ये तो करतातही. पण मामेभावाकडे उरले होते 15. तेही सगळे मिळाले असं धरलं तरी 9 गुणिले 51 म्हणजे 459. तरीसुद्धा 555 पेक्षा कमी. प्रत्येक वेळी सरासरी दोन चिंचोके घरातून जाणार. फोल्ड.

मी 15 भरले. दश्शी-नव्वी बदामाची, इतकी देखणी पानं टाकवेनात.

रिव्हरला पडली बदामाची तिर्री. मी उरलेले 15 लोटले. मामेभावाने वैतागून आपलेही 15 टाकले आणि एक्का-राजा दाखवले. राजांची जोडी होती बिचाऱ्याची. मी कलर दाखवला आणि सगळेच्या सगळे 81 चिंचोके ओढून घेतले.

मामी आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसलेली. ती शांतपणे म्हणाली, "जिंकलास खरा. पण पंधराला घेतलंस ते महाग घेतलंस."

"पण आलं ना बदाम!"

"लॉटरी लागली म्हणून तिकीट स्वस्त होतं का रे?"

तीन पत्तीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पचायला वेळ लागतो. आपण डाव जिंकला की शहाणपण जिंकलं असं समजतो. इथे निर्णय बरोबर असून डाव जाऊ शकतो, निर्णय चूक असून डाव येऊ शकतो. दोन्ही वेगळे मोजायचे असतात. मामेभावाचंच बघा. टर्नवर त्याने मला चुकीचा भाव भरायला लावला, म्हणजे तो बरोबर खेळला, आणि तोच रिकाम्या वाटीकडे बघत बसला. फ्लॉपवर मात्र त्याने आळस केला. तिथे 4 ऐवजी 8-10 लावले असते तर मला तिथेच विचार करावा लागला असता.

एवढे गुणाकार टेबलावर कोण करणार? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. आपल्याला तारणारी पानं मोजा. एकच पान यायचं असेल तर त्यांना दोनाने गुणा, म्हणजे शेकडा शक्यता मिळते. 9 पानांना 18, खरी 19 च्या आसपास. टर्न आणि रिव्हर दोन्ही पाहायला मिळणार असतील तर चाराने गुणा: 36, खरी 35. सिक्वेन्सला दोन्ही टोकं मोकळी असतील तर 8 पानं, मधलं एकच पान अडलेलं असेल तर 4. पण चाराने गुणताना जपा. मधे आणखी पैसे भरावे लागणार असतील तर तो गुणाकार फसवतो. मग आपल्याला भरायची रक्कम एकूण गल्ल्याच्या किती टक्के आहे ते पाहा, आपली भरणी गल्ल्यात धरूनच. 15 म्हणजे 51 चे साधारण 29 टक्के. शक्यता 19-20 टक्के. महाग.

6. थाप

लहानपणी 'चॅलेंज' खेळलात ना? चार पानं पालथी टाकायची आणि बेधडक सांगायचं, "चार राण्या!" ज्याने कधीच थाप मारली नाही तो त्यात हरतो आणि जो दर वेळी मारतो तोही हरतो. पोकरमधला ब्लफ याहून वेगळा नाही, फक्त इथे थापेला किंमत पडते आणि किंमत असली की हिशोब आलाच.

गल्ल्यात 20 आहेत. माझ्याकडे काही नाही आणि मी 10 लावले. समोरचा पॅक झाला तर मला 20 मिळतात, नाही झाला तर माझे 10 जातात. तीनदा असं केलं आणि एकदाच साधलं तरी हिशोब बरोबरीत सुटतो. म्हणजे समोरचा तिनातून एकापेक्षा जास्त वेळा घाबरतो असं वाटत असेल तर थाप फायद्याची. जो मामा कुठल्याही जोडीवर शेवटपर्यंत चिकटून बसतो, त्याला थाप मारणं म्हणजे चिंचोके विहिरीत टाकणं.

जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाला या खेळाने झपाटलं होतं. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर 1944 मध्ये त्यांनी डावपेचांच्या गणितावर जो ग्रंथ लिहिला, त्यात पोकरसाठी स्वतंत्र विवेचन आहे. त्यांनी दाखवलं की ब्लफ हा काही खोडसाळ स्वभावाचा भाग नाही, बिनचूक खेळायचं तर तो करावाच लागतो. तुम्ही फक्त चांगल्या पानांवर लावता हे एकदा कळलं की तुमच्या चांगल्या पानांना कुणी गिऱ्हाईक उरत नाही. अधूनमधून थाप हवी ती यासाठी. बुद्धिबळात संगणकाने कास्पारोव्हला 1997 मध्ये हरवलं. दोघांच्याच, कितीही लावता येणाऱ्या होल्डेममध्ये 'लिब्रेटस' या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या प्रणालीने चार नावाजलेल्या खेळाडूंना हरवलं ते 2017 मध्ये. वीस दिवस, 1,20,000 डाव. पटावर सगळं उघडं असतं आणि इथे दोन पानं झाकलेली. त्या दोन पानांनी यंत्राला वीस वर्षं दूर ठेवलं.

सर्वांत गाजलेली थाप 2003 च्या वर्ल्ड सिरीजमधली. टेनेसीचा एक हिशेबनीस, आडनाव खरोखरच मनीमेकर, ऑनलाइन पात्रता स्पर्धेत 86 डॉलर भरून आला होता. मुख्य स्पर्धेची प्रवेश फी 10,000 डॉलर, खेळाडू 839. शेवटी उरले तो आणि सॅम फर्हा. मनीमेकरच्या हातात राजा-सत्ती. टर्नपर्यंत त्याला कलरचीही आशा होती आणि सिक्वेन्सचीही. रिव्हरला दोन्ही बुडाल्या. त्याने सगळे चिप्स लोटले. फर्हाकडे नव्व्यांची जोडी होती, ती जिंकत होती. तो बराच वेळ विचार करून पॅक झाला. मनीमेकर पुढे 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला आणि पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला 2,576 माणसं आली. नीट पाहिलं तर ही थाप हवेतली नव्हती. टेबलावर जी पानं पडत गेली, त्यांत तीन इस्पिकं होती. ज्याच्या हातात कलर आहे असा माणूस जसा खेळला असता तसाच तो खेळला. थापेलाही कथानक लागतं, आणि टेबलावरच्या पाच पानांशी ते जुळावं लागतं.

टीव्हीवर मात्र हे शिकू नका. भिडूंची झाकली पानं प्रेक्षकांना दाखवणारा कॅमेरा 1999 मध्ये ब्रिटनच्या 'लेट नाइट पोकर' कार्यक्रमात आला आणि खेळ बघणेबल झाला. पण तासाभराच्या कार्यक्रमात थरारक डाव तेवढे उरतात. दहा माणसं एकामागून एक कंटाळून पानं टाकताहेत, ते कोण दाखवणार?

7. पैसे लावून?

घरात चिंचोके आहेत तोवर सगळे मिळून जेवढे आणतात तेवढेच वाटले जातात. कसिनोत तसं नसतं. तिथे दर गल्ल्यातून मालक आपला कट काढतो, त्याला 'रेक' म्हणतात. म्हणजे टेबलावरचे सगळे सारख्याच ताकदीचे असतील तर सगळेच हळूहळू हरतात. गोव्यात पणजीला मांडवीवर उभ्या असलेल्या बोटींवर हा खेळ कायदेशीर आहे. महाराष्ट्रात पैशांवरच्या जुगाराला 1887 पासून चालत आलेला प्रतिबंधक कायदा आहे. मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी चित्र आणखी बदललं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब असा भेद ठेवला नाही. "पोकर हा कौशल्याचा खेळ आहे" हे माझंही मत आहे, पण ते त्या कायद्यापुढे चालत नाही.

8. शेवटचा डाव

त्या रात्री बटण फिरत फिरत पुन्हा मामाकडे आलं. मामेभावाने पुन्हा चिंचोके घेतले होते. त्याने 5 केले, मामी आली, मीही आलो. फ्लॉपला पंजी, सत्ती, नव्वी पडली, तिन्ही वेगळ्या रंगांची. मी माझे पाच सोडून दिले. ती दोघं लावत राहिली. टर्नला छक्की. रिव्हरला अठ्ठी. तोवर दोघांचे प्रत्येकी 16 चिंचोके गल्ल्यात गेले होते. माझे 5 धरून 37.

मामेभावाने एक्क्यांची जोडी उताणी टाकली आणि गल्ल्याकडे हात नेला. मामीने सत्तीची जोडी टाकली. फ्लॉपपासून तिच्याकडे तीन सत्त्या होत्या आणि ती निवांत पुढे होती.

"म्हणजे तुझा!" मी म्हणालो.

"नाही रे. टेबल वाच."

पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. सिक्वेन्स टेबलावरच पडला होता. तो तीन सत्त्यांनाही मारतो आणि एक्क्यांच्या जोडीलाही. दोघांपैकी कुणाकडेही दश्शी नव्हती, म्हणून दोघांचीही सरस पाच पानं म्हणजे मधलीच पाच. हातातली दोन कुणाच्याच उपयोगाची नव्हती. गल्ला अर्धा-अर्धा.

मामेभावाने 18 मोजून घेतले, मामीपुढे 18 सरकवले. एक उरला. नियम असा की विषम चिंचोका बटणाच्या डावीकडे जो आधी बसला असेल त्याचा. मामीने तो उचलला, वाटीत टाकला आणि पत्ते पिसायला घेतले.